परत पाठवलेले विधेयक

मित्रांनो, माझ्या तळव्यावर तीन शब्द कोरलेले आहेत आणि तिन्ही उलटे आहेत. कागदावर टेकलो की ते सुलटे होतात: ‘सभागृहाकडे फेरविचारासाठी परत’. मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ सागवानी आहे आणि मला बारा वर्षे पूर्ण झाली आहेत. एवढ्या वर्षांत मी कामाच्या कागदावर किती वेळा उमटलो असेन, असे तुम्हाला वाटते? फक्त चार वेळा. त्यातल्या चौथ्या वेळी जे घडले, ते तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात होते.

माझा जन्म आमच्या शहरातल्या पैठण गेटजवळच्या एका अरुंद दुकानात झाला. तिथे रौफभाई शिक्के बनवत. डॉक्टरांचे, वकिलांचे, सोसायट्यांचे शिक्के त्यांच्या हाताखालून रोज जात. एके दिवशी कालिंदी देऊळगावकर मॅडम दुकानात आल्या. त्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर दोन शिक्क्यांचा मजकूर होता. पहिला होता ‘संमती’. दुसरा मी.

रौफभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. ते म्हणाले, “मॅडम, पहलावाला तो समझा. लेकिन ये दूसरा कौनसे दफ्तर का है? ऐसा शिक्का आजतक किसीने नहीं बनवाया.”

“आमच्या शाळेच्या राष्ट्रपतींचा आहे, रौफभाई.”

रौफभाई मोठ्याने हसले. “राष्ट्रपती का है? फिर तो पक्का बनाना पडेगा!” असे म्हणून त्यांनी हातातली प्लॅस्टिकची मूठ फळीवर परत ठेवली आणि माझ्यासाठी सागवानी मूठ काढली. माझे अक्षर त्यांनी दोनदा तपासले. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

आमची शाळा गारखेडा भागात आहे. पुंडलिकनगरहून चालत आलात तर दहा मिनिटे लागतात. संसद पाठ करून कळत नाही, चालवून कळते, असे कालिंदी मॅडमचे मत होते. म्हणून त्यांनी शाळेत बालसंसद सुरू केली. तिला खऱ्या संसदेसारखी दोन सभागृहे होती. पाचवी ते दहावीच्या मुलांनी मते देऊन निवडलेले शेहेचाळीस प्रतिनिधी वर्गसभेत बसत. ग्रंथालय, मैदान, पोषण आहार अशा समित्यांचे बारा प्रतिनिधी मंडळसभेत बसत. वर्गसभेत ज्याच्या बाजूने जास्त सभासद, तो पंतप्रधान. आणि दोन्ही सभागृहांनी मिळून निवडलेला राष्ट्रपती.

शाळेसाठी एखादा नियम हवा असेल तर सभासद तो कागदावर लिहून मांडत. त्या कागदाला विधेयक म्हणत. त्यावर चर्चा होई, मतदान होई. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले की कागद राष्ट्रपतींच्या टेबलावर येई. राष्ट्रपतींची सही आणि संमतीचा शिक्का पडला, म्हणजे विधेयकाचा कायदा झाला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला हातात धरून वर्गाला दाखवले. त्या म्हणाल्या, “राष्ट्रपतींसमोर तीन वाटा असतात. संमती द्यायची, संमती नाकारायची, किंवा कारण लिहून विधेयक परत पाठवायचं. शेवटच्या दोन वाटांना नकाराधिकार म्हणतात. सरळ नकार आपल्या देशात क्वचितच दिला गेलाय, कारण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात. परत पाठवणं मात्र महत्त्वाचं आहे. पैशांविषयीचं विधेयक आणि घटनादुरुस्ती तेवढी परत पाठवता येत नाही.”

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मॅडम, परत पाठवल्यावर सभागृहांनी तेच विधेयक पुन्हा मंजूर केलं तर?”

“तर राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. सभागृहानं सुचवलेला बदल केलेला असो किंवा नसो.”

“मग त्या शिक्क्याचा उपयोग काय?”

सगळा वर्ग हसला. मित्रांनो, मी नवा कोरा होतो. माझ्यावर अजून शाईसुद्धा लागली नव्हती, आणि माझा उपयोग काय, असे कोणीतरी विचारत होते.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला, तर तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आपल्याकडे तशी भिंत नाही. आपल्याकडे राष्ट्रपती एकदाच म्हणू शकतात, की थांबा, हे पुन्हा बघा. शेवटचा शब्द लोकांनी निवडलेल्यांचाच. पण घाईत असलेल्या माणसाला एकदा थांबवणं ही लहान गोष्ट वाटते का तुला?”

त्या मुलीने नुसते खांदे उडवले. माझेही अजून समाधान झाले नव्हते.

माझ्या शेजारचा संमतीचा शिक्का मात्र कामाला लागला. दर महिन्याला तो दोन-तीन कागदांवर उमटे. मला पहिले काम मिळायला वर्ष लागले. वर्गसभेने क्रिकेटचा अंतिम सामना शिष्यवृत्ती परीक्षेच्याच दिवशी ठेवला होता. राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवले, सभागृह कपाळावर हात मारून हसले आणि तारीख बदलली. त्यानंतर दोन वेळा असाच किरकोळ चुकांसाठी माझा वापर झाला.

मग गोकुळ नावाचा मुलगा राष्ट्रपती झाला. त्याला भांडण नको असे. एक विधेयक त्याला आवडले नाही, तेव्हा त्याने ते दप्तरात ठेवले. त्याने सही केली नाही, नकार दिला नाही, की परतही पाठवले नाही. विचारले की तो म्हणे, “बघतोय.” असे बघता बघता वार्षिक परीक्षा आली, सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक दप्तरातच विरले. मुले चिडली. मॅडमनी सांगितले, “आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यावा, हे लिहिलेलं नाही. त्यामुळे कागद असा खिशातही राहू शकतो. त्याला खिशातला नकार म्हणतात.” नियमात बसणारी गोष्ट होती, पण त्या विधेयकात काय खटकले ते कोणालाच कधी कळले नाही.

पुढे साथीमुळे दोन वर्षे शाळाच बंद राहिली. मुले घरून मोबाइलवर शिकत होती. मी कपाटाच्या खणात एका पत्र्याच्या डब्यात पडून होतो. शाळा उघडली, संसद पुन्हा भरू लागली, पण माझी आठवण कोणाला झाली नाही. राष्ट्रपती म्हणजे सही करणारा, एवढेच मुलांच्या डोक्यात राहिले. विधेयक परत पाठवले तर मित्रांना राग येईल, असेही काहींना वाटे. माझे रबर कडक झाले. अक्षरांच्या फटींत धूळ बसली. आता आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

अशा वेळी दीपमाला राष्ट्रपती झाली.

ती नववीत होती. पुंडलिकनगरात राहायची. तिच्या वडिलांची गावाकडे शेती होती आणि इथे बी-बियाण्यांचे दुकान. दीपमाला फार बोलत नसे, पण हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नसे. तिचे नाव राष्ट्रपतिपदासाठी सुचवले होते पंतप्रधान ऋतुराजने. तो दहावीत होता. बोलण्यात पटाईत, कामाला वाघ, आणि थोडा घाईचा. दोघांची चांगली मैत्री होती.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये ऋतुराजने ‘वेळपालन विधेयक’ मांडले. शाळा सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी भरते. रोज परिपाठाच्या वेळी पंधरा-वीस मुले फाटकाशी यायची. प्रार्थना मधेच थांबायची, ओळी मोडायच्या. हा त्रास खरा होता. विधेयकात दोन कलमे होती. महिन्यातून तीनदा उशीर झाला तर त्या मुलाला खेळाच्या संघातून आणि स्नेहसंमेलनातून वगळावे, हे पहिले. अशा मुलाचे नाव अजिंठ्याच्या सहलीच्या यादीतून काढावे, हे दुसरे. सहल तीन आठवड्यांवर आली होती. मुख्याध्यापकांनी सांगितले होते, “संसद ठरवेल तसं करू.”

वर्गसभेत अडतीस विरुद्ध आठ मतांनी विधेयक मंजूर झाले. मंडळसभेत तर एकही विरोधी मत पडले नाही. टाळ्या वाजल्या. ऋतुराज कागद घेऊन दीपमालापाशी आला. संमतीच्या शिक्क्याला शाई लावूनच त्याने आणले होते.

दीपमाला म्हणाली, “घरी नेऊन वाचते.”

“त्यात वाचायचं काय आहे? एकच तर पान आहे!”

“एकच पान आहे, मग वाचायला वेळ लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमकडून उशिरा येणाऱ्यांची वही मागून घेतली आणि मधल्या सुट्टीत ती तारखा उतरवत बसली. कपाटासमोरच्याच टेबलावर ती बसली होती आणि खणाच्या फटीतून मला थोडीशी दिसत होती. सातवीतल्या सोनियाचे नाव तिने चार वेळा लिहिले: तीन तारीख, आठ, तेरा, अठरा. मग तिने भुवया उंचावल्या आणि बाकीची नावे बघितली. त्याच चार तारखांना आणखी सहा नावे होती. दुसऱ्या काही मुलांची नावे चार, नऊ, चौदा, एकोणीस अशी पडली होती. सगळ्यांमध्ये पाच-पाच दिवसांचे अंतर होते.

तिने सोनियाला बोलावले. सोनिया घाबरतच आली.

“सोनिया, तू बरोबर पाचव्या दिवशी उशिरा का येतेस गं?”

“त्या दिवशी पाणी येतं नं, ताई.”

“म्हणजे?”

“नळाला. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी पाणी येतं, सकाळी साडेसहाला. आई पहिल्या पाळीला कंपनीत जाती, ती सहालाच घरातून निघती. मंग पाणी मलाच भरावं लागतं. न्हाई भरलं तर पाच दिवस काय करायचं?”

नळाला रोज पाणी येत नाही हे आमच्या शहरात कोणाला माहीत नाही? पण दीपमालाच्या इमारतीला बोअर होता. पाण्याचा दिवस तिच्या घरात कधी मोजावाच लागला नव्हता.

“हे तू आधी कुणाला सांगितलं का नाहीस?”

“कुणी इचारलंच न्हाई,” सोनिया म्हणाली. मग हळूच तिने विचारले, “ताई, माझं नाव सहलीतून काढलं का?”

“नाही अजून,” दीपमाला म्हणाली.

त्या दुपारी ती कालिंदी मॅडमसमोर उभी राहिली. “मॅडम, मी हे विधेयक सहल होईपर्यंत दप्तरातच ठेवलं तर? मग सोनियाचं नाव आपोआप राहील. भांडणही होणार नाही.”

“नियमात बसतं,” मॅडम म्हणाल्या.

“पण?”

“पण मग ऋतुराजला कधी कळणार, तू ते का थांबवलंस? आणि पुढच्या महिन्यात काय?”

“मग मी सरळ नकार देऊ?”

“तेही तुझ्या हातात आहे. पण अडतीस जणांनी मत दिलंय. उशिराचा त्रास खोटा आहे का?”

दीपमालाने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, “मॅडम, तो दुसरा शिक्का आहे का अजून?”

मित्रांनो, खणाचे कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि माझ्यावर लख्ख उजेड पडला. दीपमालाने मला जुन्या दात घासायच्या ब्रशने घासले, कोमट पाण्याने पुसले. मॅडमनी वाळलेल्या पॅडवर शाईचे थेंब टाकले. तिने मला आधी कोऱ्या कागदावर दाबून पाहिले. माझे रबर इतके कडक झाले होते की कडा टेकल्याच नाहीत. मधलीच तीन अक्षरे उमटली: ‘विचारा’. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. तिसऱ्या प्रयत्नात मी पूर्ण उमटलो.

नंतर तिने विधेयकावर मला टेकवले आणि खाली आपल्या हाताने संदेश लिहिला: “सभागृहाच्या मताचा मला आदर आहे. परिपाठ वेळेवर व्हावा हे मलाही पटते. परंतु वहीतील उशिराच्या तारखा आणि काही गल्ल्यांमधील पाण्याचे दिवस एकच आहेत. त्या मुलांना शिक्षा करून ती वेळेवर येणार नाहीत. तरी पहिल्या कलमात त्यांच्यासाठी सवलत ठेवावी आणि सहलीचे दुसरे कलम वगळावे, यावर कृपया फेरविचार व्हावा.”

संदेश वाचून ऋतुराजचा चेहरा लाल झाला. तो तरातरा चालत आला. “आजपर्यंत कोणत्या राष्ट्रपतीनं असं केलंय? सगळे मला हसतायत. तुझं नाव मी सुचवलं होतं, दीपमाला!”

“न वाचता सही करावी म्हणून सुचवलं होतंस का?”

“सोमवारी आम्ही हेच विधेयक जसंच्या तसं पुन्हा मंजूर करणार. अडतीस मतं आहेत माझ्याकडे. मग तुला सही करावीच लागेल.”

“करीन,” दीपमाला शांतपणे म्हणाली. “त्याच दिवशी करीन. फक्त त्याआधी एक कर. शनिवारी सोनियाच्या गल्लीत पाणी आहे. सकाळी साडेसहाला तिथं ये.”

तो पाठ फिरवून निघून गेला. तो येईल असे मला वाटले नाही, आणि दीपमालालाही वाटले नसावे.

शनिवारी मी तिच्या कंपासपेटीत होतो. पेटीचे झाकण नीट लागत नसे, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते आणि फटीतून थोडे दिसतही होते. थंडी होती. अरुंद गल्लीत चार घरांमिळून एक नळ होता. त्याच्याभोवती निळे पिंप, हंडे, बादल्या, तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. सोनिया गणवेशातच उभी होती. तिचा धाकटा भाऊ पायरीवर बसून बिस्किट खात होता. आणि गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून ऋतुराज उभा होता.

पाण्याची रांग कडूबाई सांभाळत. त्या गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर बाई. त्यांनी दोघांना आपादमस्तक न्याहाळले. “ही कोण लेकरं गं, सोनिया?”

“ही आमच्या शाळेची राष्ट्रपती हाय, आजी. अन् हे पंतप्रधान.”

“आगं बया! पंतप्रधान आले व्हय आमच्या गल्लीत!” कडूबाई म्हणाल्या. “मंग नुसतं उभं काय राहायलाय, बाबा? पाईप धर की. लई जोर न्हाई पाण्याला. निसटला की परत वढावं लागतं.”

ऋतुराजने पाईप धरला. पाणी बारीक धारेने येत होते. पहिल्या घराचे पिंप भरायलाच पंधरा मिनिटे गेली. सोनियाचा नंबर तिसरा होता. ऋतुराज सारखा घड्याळाकडे बघत होता. सात वाजले. सात वाजून दहा झाले.

“आजी, हिचा नंबर आधी नाही का लावता येणार? हिला शाळा आहे.”

“लावते की,” कडूबाई म्हणाल्या. “पर मंग त्या पलीकडच्या पोरीला उशीर होतुय. ती बी शाळंतच जाती. आता कुणाचा आधी लावू, सांग.”

ऋतुराजने घड्याळाकडे बघणे सोडून दिले. सोनियाचा नंबर आला तेव्हा त्याने पाईप सोडला नाही. दीपमाला आणि सोनिया भरलेले हंडे आत नेत होत्या. त्याचे बूट, मोजे, अर्धी पँट भिजली. शेवटची बादली भरली आणि त्याने पाईप चौथ्या घराकडे दिला. सोनियाने दाराला कडी घातली, भावाचा हात धरला आणि चौघे शाळेकडे धावत सुटले.

फाटक बंद झाले होते. परिपाठ संपत आला होता. शिपाई अप्पाराव वही घेऊन बसले होते. त्यांनी सोनियाचे आणि तिच्या भावाचे नाव लिहिले, दीपमालाचे लिहिले आणि मग पेन थांबवून वर पाहिले. “पंतप्रधानसाहेब, तुमचं बी लिवू का?”

“लिहा, मामा,” ऋतुराज म्हणाला. “सात बेचाळीस लिहा.”

सोमवारी वर्गसभा भरली. मी राष्ट्रपतींच्या टेबलावर होतो. राष्ट्रपतींचा संदेश वाचून दाखवायचे काम खरे तर सभापतींचे, पण ऋतुराजने ते मागून घेतले. त्याने तो सावकाश वाचला. मग म्हणाला, “मी शनिवारी बघून आलो. मला वाटत होतं, उशीर करणारी मुलं झोपून राहतात. काही राहतातही. पण ही बारा-तेरा मुलं आपल्यापेक्षा लवकर उठतात.”

मृण्मयी नावाची आठवीची प्रतिनिधी उठली. “सवलत दिली तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, आमच्याकडे पाणी आलं होतं. ते खरं की खोटं, कसं ओळखायचं?”

प्रश्न रास्त होता. त्यावर तासभर चर्चा झाली. कोणी काय, कोणी काय सुचवले. अखेर मृण्मयीनेच मार्ग काढला. प्रत्येक वर्गाने आपल्या मुलांच्या गल्ल्या आणि पाण्याचे दिवस लिहून फाटकापाशी फळ्यावर लावावेत. त्या दिवशी त्या मुलांना पावणेआठपर्यंत आत घ्यावे आणि त्यांनी परिपाठाच्या ओळींत न शिरता थेट वर्गात जावे, म्हणजे प्रार्थनाही मोडणार नाही. ही दुरुस्ती एकतीस विरुद्ध पंधरा मतांनी मंजूर झाली.

मग सहलीच्या कलमावर मतदान झाले. ते वगळावे या बाजूने वीस हात वर आले. विरोधात सव्वीस. त्या सव्वीसमध्ये ऋतुराजचाही हात होता. “आता ज्यांना खरी अडचण आहे त्यांना सवलत मिळाली,” तो म्हणाला. “बाकीच्यांना जरब हवीच.”

मंडळसभेनेही तेच मंजूर केले. दुरुस्त केलेले विधेयक दीपमालासमोर आले.

तिने मागितलेल्या दोन गोष्टींपैकी एक मिळाली होती, एक नाकारली गेली होती. मला वाटले, आता ती मला पुन्हा उचलेल. मी तिच्या हाताजवळच होतो. पण तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, सही केली आणि संमतीचा शिक्का ठामपणे उमटवला.

सभागृह रिकामे झाल्यावर ऋतुराज मागे राहिला. “सहलीचं कलम तसंच राहिलं. राग आला असेल.”

“आला,” दीपमाला म्हणाली.

“मग सही करताना थांबली पण नाहीस.”

“मला एकदा थांबवायचा हक्क होता. तो मी वापरला. तुम्ही पुन्हा विचार केलात, भांडलात, मतं दिलीत. आता मी अडून बसले तर तुमच्या मतांना अर्थ काय राहिला?”

मित्रांनो, त्या दिवशी मला माझा उपयोग कळला. बारा वर्षांपूर्वी त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला एका पाईपने आणि एका फळ्याने दिले होते. मी कोणाला अडवण्यासाठी बनलेलो नव्हतो. एकदा बघून या, एवढेच मला सांगायचे होते.

सोनिया अजिंठ्याला गेली. आल्यावर कितीतरी दिवस ती डोंगरातल्या त्या लेण्यांबद्दल आणि भिंतीवरच्या रंगांबद्दल जो भेटेल त्याला सांगत होती. नववीतल्या दोन मुलांची नावे मात्र यादीतून गेली. ती मुले सहलीच्या दिवशी मैदानावर एकटीच चेंडू खेळत होती, आणि निघालेल्या बसमधून त्यांना पाहून दीपमाला खिन्न झाली होती. कायदा झाला म्हणजे सगळे गोड झाले, असे नसते. पण फाटकाशी होणारी गर्दी पहिल्या महिन्यातच निम्म्याहून कमी झाली आणि परिपाठ न थांबता होऊ लागला.

जूनमध्ये नव्या निवडणुका झाल्या. ऋतुराज कॉलेजात गेला होता. आठवीच्या वर्गातून एक नवीन सभासद निवडून आली. तिचे नाव सोनिया. पहिल्याच बैठकीत ती उठली. तिने विधेयक मांडले: वेळपालन कायद्यातले सहलीचे कलम काढून टाकावे आणि त्याऐवजी उशीर करणाऱ्याने आठवडाभर परिपाठाची तयारी करावी. तिला कोणीतरी विचारले, “तुझं नाव तर कापलं गेलं नव्हतं. मग तुला काय त्याचं?”

ती म्हणाली, “माझं राहिलं, पर त्या दोघांचं गेलं नं. ते का उशिरा यायचे, हे बी कुणी इचारलं न्हाई. मी इचारलं. एकाची आई दवाखान्यात हुती.”

तिचे विधेयक चव्वेचाळीस मतांनी मंजूर झाले. नव्या राष्ट्रपतींनी ते वाचले आणि संमतीचा शिक्का मारला. माझी गरज पडली नाही, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही. मागच्या बाकावर दहावीतली दीपमाला बसली होती. ती सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती.

मित्रांनो, तुम्हीही पुढे कुठे ना कुठे नियम बनवाल. वर्गात, सोसायटीत, गावात, कदाचित दिल्लीतही. सगळ्यांचे हात भराभर वर जातील तेव्हा तुमचाही जाईल. त्या वेळी एवढे विचारून घ्या, की हा नियम कोणाच्या दारात जाऊन पडणार आहे. ‘नाही’ म्हणायचे असेल तर कागद दप्तरात लपवू नका. कारण लिहा, खाली आपले नाव घाला. पुन्हा विचार करूनही सगळ्यांचे मत तेच राहिले तर ते मनापासून स्वीकारा आणि पुढच्या वेळी पुन्हा प्रयत्न करा. आणि तुमचाच कागद कधी परत आला, तर रागावू नका. कोणीतरी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे, असे समजा.